डावीकडचं बटण

जुना विंडोजवाला लॅपटॉप दमलाय, म्हणून काल मुलाला घेऊन दुकानात गेले. म्हटलं, या खेपेला मॅक बघू या. पडद्यावरची खिडकी बंद करायला गेले, तर हात आपला सवयीने उजव्या कोपऱ्यात. तिथे काहीच नाही! बटण डावीकडे. मुलगा हसला. "बघ आई, म्हणूनच सांगतोय, विंडोजच घे. या वयात कशाला नवीन शिकतेस? नाही जमायचं."

मी माझ्या हाताकडे बघत राहिले. लग्न होऊन आले तेव्हा सासरी दिव्याचं बटण दाराच्या दुसऱ्या बाजूला होतं. हाच हात कितीतरी दिवस कोऱ्या भिंतीवर चाचपडायचा. सही करताना माहेरचंच आडनाव उमटायचं. घर, नाव, आमटीची चवसुद्धा, सगळं एका दिवसात बदललं. हिला जमेल का, असं तेव्हा कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही हो! जमणारच, असं सगळे धरून चालले होते. आणि आता एवढ्याशा बटणासाठी माझी काळजी?

मुलाला म्हटलं, "विंडोज तरी मला कुणी शिकवलं होतं रे? चुकतमाकत शिकलेच ना? हाच घ्यायचा. तू जरा बाजूला हो, मला नीट बसू दे."