डांबरी कागदाखाली

माझं माहेर कडावचं आणि सासर कुंभिवलीच्या बाजूला. एसटीनं सकाळी निघावं, कर्जतला गाडी बदलावी आणि जेवणाच्या वेळेला पोचावं, एवढंच अंतर. तरी लग्नानंतर मला वाटायचं की मी फार लांब आले आहे.

माझे यजमान खोपोलीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. मूळचे ते घाटावरचे, जिथं पावसाची वाट बघण्यात माणसं म्हातारी होतात अशा मुलखातले. हमरस्त्यापासून थोडं आत, शेतांच्या कडेला त्यांनी दोन खोल्यांचं कौलारू घर विकत घेतलं होतं. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि माझे सासरे. सासऱ्यांना दमा होता. पुढच्या खोलीत त्यांची खाट होती आणि खाटेवर पाठीशी गोधडीची वळकटी. सासूबाई माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेल्या. तापानं गेल्या, असं मला सांगितलं होतं.

मी त्या घरात गेले तेव्हा ते चांगलं उजेडाचं घर होतं. पुढं ओटी, ओटीतून आत यायचं दार, त्याच्या शेजारी गजांची खिडकी. मागं स्वयंपाकघर, त्याला परसात जायचं दार आणि पश्चिमेला मोठी खिडकी. चुलीच्या वर छपरात काचेचं एक कौल होतं. दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा यायचा आणि सरकत सरकत पाटापर्यंत जायचा. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा होती. धूर तिथून जायचा, चिमण्या तिथून यायच्या.

यांनी त्या घरातला पहिला पावसाळा काढला आणि त्यांची झोप गेली.

आमच्याकडं पाऊस नुसता वरून पडत नाही, आडवाही येतो. पश्चिमेच्या खिडकीतून सपकारे यायचे, भिंतीच्या माथ्यावरून तुषार उडायचे, काचेच्या कौलाच्या कडेनं पाणी ठिबकायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही. माहेरी आम्ही ठिबकणाऱ्या जागी घमेलं ठेवायचो आणि जेवायला बसायचो. हे मात्र ताटावरून उठायचे. हातातला घास टाकून भिंतीला हात लावून बघायचे, बोटानं टकटक करायचे आणि म्हणायचे, "मुरतंय. आत मुरतंय."

त्या दिवाळीनंतर त्यांनी काचेचं कौल काढून तिथं साधं कौल बसवलं. पुढच्या वर्षी भिंतीच्या माथ्यावरची मोकळी जागा विटांनी भरली. चिमण्या काही दिवस ओटीत ओरडत राहिल्या, मग गेल्या. त्यानंतर परसाच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली. चौकट बदलायची सोडून यांनी दार बंद केलं आणि त्याच्यावर बाहेरून पत्रा ठोकला. परसात जायचं तर मला पुढच्या दारानं निघून अख्ख्या घराला वळसा घालावा लागे.

पश्चिमेची खिडकी बुजवायची ठरली तेव्हा मात्र मी बोलले. आमच्या कडावला पावसाळ्यात भिंतीला बाहेरून पेंढ्याची झड बांधतात, भिजते ती झड आणि भिंत कोरडी राहते, असं मी त्यांना समजावून सांगितलं. माझा भाऊ येऊन बांधून देईल असंही म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गवत कुजतं," ते म्हणाले. "वीट कुजत नाही."

खिडकी गेली. तिच्या जागी सिमेंटचा एक चौकोन राहिला, भिंतीहून काळसर. स्वयंपाक करताना माझी नजर सवयीनं तिकडं जायची. पूर्वी त्या खिडकीतून शेताचा बांध दिसायचा, शेजारच्या चाचींच्या शेळ्या दिसायच्या. चाची म्हणजे आमच्या शेजारची मुसलमान बाई, माझ्या आईच्या वयाची. तिच्या नवऱ्याचं हमरस्त्यावर पंक्चर काढायचं दुकान होतं. खिडकीतून आम्ही दोघी बोलायचो. ते थांबलं.

शेवटी आला डांबरी कागद. यांनी कुठून तरी त्याच्या गुंडाळ्या आणल्या, सगळी कौलं उतरवली, वाशांवर तो कागद अंथरला आणि त्याच्यावर पुन्हा कौलं चढवली. काम चोख झालं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. त्या पावसाळ्यात घरात एक थेंब आला नाही. हे समाधानानं जेवले. पण नुसत्या कौलांमधून सुद्धा घर श्वास घेत असतं, हे मला तोवर कळलं नव्हतं. आता चूल पेटवली की धूर छपराला लागून परत खाली यायचा. कपडे वाळायचे नाहीत. पिठाला वास लागायचा. भर दुपारी मला दिवा लावावा लागायचा, आणि पावसाळ्यात वीज असायची कुठं? पुढच्या गजांच्या खिडकीलाही त्यांनी पावसाळ्यापुरता बाहेरून पत्रा मारला. उघडं उरलं ते एकच, पुढचं दार. स्वयंपाक करताना मी ते सताड उघडून ठेवायची आणि फिरून फिरून ओटीत येऊन श्वास घ्यायची. सासरे खाटेवर बसून दाराकडं तोंड करून राहायचे.

आषाढ संपत आला होता. पावसानं उसंत घेतली नव्हती. हे सकाळच्या पाळीला गेले. लाकूड पाणी पिऊन फुगलेलं, दार चौकटीत बसेना, म्हणून त्यांनी जाताना बाहेरून जोर लावून ते ओढून घेतलं.

स्टोव्हचं रॉकेल संपलं होतं. सासऱ्यांना काढा हवा होता. लाकडं ओलसर होती, तरी मी फुंकून फुंकून चूल धरवली आणि खोली धुरानं भरायला लागली तशी सवयीनं दार उघडायला गेले.

दार हललं नाही.

मी दोन्ही हातांनी कडी धरून ओढलं. मग चौकटीला पाय लावून ओढलं. कडी स्क्रूसकट माझ्या हातात आली आणि मी मागं पडले. लाकडात चार भोकं राहिली. आता धरायलाही काही नव्हतं.

मी धावत आत गेले आणि चुलीत पाणी ओतलं. ते करायला नको होतं. सगळी चूल फसफसून पांढराफटक धूर उठला आणि क्षणात मला माझे हात दिसेनात. पुढच्या खोलीतून सासऱ्यांचा खोकला ऐकू येत होता. आधी मोठा, मग बारीक. दम्याच्या माणसाचा खोकला बारीक व्हायला लागला की भ्यावं, हे मला ठाऊक होतं.

मी ओरडले. दारावर मुठी मारल्या. बाहेर पाऊस कोसळत होता आणि हमरस्त्यावर ट्रक चालले होते. माझा आवाज मलाच ऐकू येत होता. परसदाराला लाथा घातल्या, पत्रा वाकला पण सुटला नाही. पुढच्या खिडकीच्या गजांमधून मुसळ जाईना. ते घेऊन बुजवलेल्या खिडकीवर मारलं. विटेचा टवकासुद्धा उडाला नाही. यांचं काम पक्कं असायचं. त्या वेळी मला सासऱ्यांची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून आधी मला संताप आला. या माणसानं एकेक वीट लावून मला इथं चिणलं आहे आणि मी प्रत्येक विटेला पाणी आणून दिलं आहे, असं वाटलं.

मग वर बघायचं सुचलं.

स्वयंपाकघरावर सरपण ठेवायचा फळ्यांचा माळा होता. तोंडाला ओला पदर बांधून मी शिडीनं माळ्यावर चढले. तिथं धूर सगळ्यात दाट होता. डोळे मिटूनच कोयत्यानं डांबरी कागद फाडला आणि खालून मुसळाचा दणका दिला. एक कौल उचललं गेलं. पुन्हा दणका दिला. कौलं घरंगळली आणि शेजारी चाचींच्या शेळ्यांच्या गोठ्याचा पत्रा होता, त्याच्यावर जाऊन फुटली. मोठा आवाज झाला.

माझ्या तोंडावर पाऊस पडला.

मी कौलांखालच्या दोन लाकडी रिपा मोडल्या, आणखी कौलं ढकलली आणि शिडीनं खाली उतरून सासऱ्यांना धरून आणलं. त्यांना भोकाखाली पाटावर बसवलं. धूर वर खेचला जात होता आणि पाऊस खाली येत होता. त्यांनी तोंड उघडं ठेवून मान वर केली. पाणी त्यांच्या कपाळावरून, मिशांवरून ओघळत होतं. हळूहळू छातीची घरघर कमी झाली. त्यांनी मला हातानं खूण केली, जा, बघ.

मी पुन्हा वर चढले आणि छपरातून छातीपर्यंत बाहेर निघाले. भातशेतं दिसली, लावणी झालेली, हिरवीगार. रस्ता दिसला. चाची इरलं घेऊन गोठ्यापाशी उभी होती आणि फुटलेल्या कौलांकडं बघत होती.

"काय झालं गं पोरी? तू वर काय करतंस?"

"चाची, दार उघडत नाय. बाबांना धूर लागलाय."

ती जास्त काही न विचारता वळली. नवऱ्याला घेऊन येईपर्यंत मी तशीच उभी राहिले, अर्धी घरात, अर्धी पावसात. खाली सासऱ्यांचा श्वास नीट चाललेला ऐकू येत होता. मला खाली उतरावंसं वाटेना.

चाचींच्या नवऱ्यानं टायर काढायची लोखंडी टामी दाराच्या फटीत घातली आणि खांदा लावून दार आत ढकललं. चाचीनं सासऱ्यांचं अंग पुसलं, घरी जाऊन आल्याचा चहा करून आणला आणि ती मला म्हणाली, "आता यो दार लावू नको गं."

हे संध्याकाळच्या सुमारास परतले. दार उघडं, कडी नाही, स्वयंपाकघरात चिखल, छपराला माणूस जाईल एवढं भगदाड. मी जे झालं ते सांगितलं. ते सासऱ्यांजवळ गेले, त्यांच्या छातीवर हात ठेवून बघितलं. मग ओटीतली मोठी शिडी उचलली, जास्तीची कौलं घेतली आणि बाहेरून छपरावर चढायला लागले.

मी भगदाडाखाली उभी राहिले. त्यांचं तोंड वर दिसलं तेव्हा मी म्हणाले, "तिथं कौल बसवू नका."

"मग पाऊस?"

"येऊ दे. खाली घमेलं ठेवते."

"तुला कळत नाही," ते म्हणाले. "पाणी मुरलं की घर बसतं. माणसं खाली सापडतात."

मला वाटलं ते उगाच काहीतरी बोलत आहेत. पण पाठीमागून सासरे दाराला धरून आले. माझ्याकडं न बघता त्यांनी वर मान केली.

"तुझ्या आईला पावसानं न्हाई मारलं रं," ते म्हणाले. "धाबं गळतंय म्हणून मी दर साली वर माती टाकत गेलो. थर चढत गेलं. वासं जुनंच. त्या साली भिजलं आन् आलं खाली. नुसतं गळलं असतं तर ती आज असती."

एवढं बोलायला त्यांना दम लागला. ते खाली बसले.

धाब्याचं घर म्हणजे घाटावरचं, लाकडावर माती पसरलेल्या सपाट छपराचं घर. मी ते तोवर पाहिलं नव्हतं. तापाची गोष्ट खोटी होती हे मला त्या क्षणी कळलं, आणि सासूबाईंना त्या मातीतून काढताना हे तिथं होते, हे पुढं सासऱ्यांनी सांगितलं. पण माती कोणी टाकली, कशापायी टाकली, ते यांनाही त्या संध्याकाळीच कळलं असावं. ते शिडीवर पावसात उभे होते. हातात कौल होतं. बराच वेळ त्यांनी ते तसंच धरून ठेवलं, मग बगलेत मारून खाली उतरले.

त्या पावसाळ्यात भगदाडाला फक्त वरून एक ताडपत्री आडवी बांधली, बाजूनं वारा जाईल अशी. पाऊस ओसरल्यावर यांनी छपरावरचा डांबरी कागद फाडून काढला आणि खिडकीच्या विटा पहारीनं फोडल्या. आपलंच पक्कं काम फोडताना त्यांच्या हातांना फोड आले. खिडकीवर छज्जा घातला. परसदाराची चौकट नवी बसवली. पुढच्या दाराला मात्र त्यांनी ते फुगलेलं असतानाच रंधा मारला होता. उन्हाळ्यात लाकूड आटलं तेव्हा खालून अशी फट पडली की तिच्यातून विंचू येऊ लागले, आणि फटीशी गोणपाट लावण्याचं काम कित्येक वर्षं माझ्याकडं राहिलं.

सासरे त्यानंतर दोन-तीन हिवाळे काढून गेले, खिडकीजवळच्या खाटेवर.

मला उजेड मिळाला. चाचीशी बोलणं पुन्हा सुरू झालं. पण त्या घराची भीती माझ्या अंगातून गेली नाही. आजही कुठल्या खोलीत गेले की मी आधी दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघते. आणि यांचं काय झालं ते वेगळंच. पूर्वी पावसाला भिऊन ते घर बंद करायचे. त्या संध्याकाळनंतर ते छपरालाच भ्यायला लागले. पावसाचा जोर वाढला की हे आत थांबत नसत. ओटीच्या पायरीखाली, अंगणात स्टूल टाकून, छत्री धरून बसायचे. लोक हसायचे. सुरुवातीला मी त्यांना आत बोलवायची. ते म्हणायचे, बसतो जरा. पुढं मी बोलवणं सोडून दिलं. चहा करायची, कपावर बशी झाकायची आणि भिजत जाऊन त्यांना बाहेरच देऊन यायची.