डाव्या पायाचे आकडे

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, आईपाशी नाही — ती तर तिकडं सातपुड्यात, इथून एक दिवस अन् एक रात्र लांब. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हाही पळपुटेपणाच?

सातवीत शाळा सोडली मी. परळीत आलो तो वीजकेंद्राच्या राखेच्या गाड्या भरायला. तिथून दवाखान्यातल्या मॅडमनी मला मदतनीस म्हणून उचललं. त्या पायांच्या सुजेचा अभ्यास करत होत्या. माणसाला झोपवायचं, मांडीला हवेचा पट्टा, पोटरीभोवती पाऱ्याची बारीक रबरी नळी. पट्टा फुगवला की रक्त पायात उतरतं, पण वर परतत नाही. पोटरी केसभर फुगते, पडद्यावर रेघ चढते. रक्त भरून झाल्यावरही रेघ हळूहळू चढतच राहिली, तर ते नसांतून बाहेर झिरपणारं पाणी. दाब पाच टप्प्यांत वाढवायचा, आकडे पेन्सिलीनं फॉर्मवर उतरवायचे.

"ठिबकची नळी बिघडली की कमी दाबालाच गळते, तसंच हे," मॅडम म्हणायच्या. सातवी शिकलेल्याला इतकं समजावून कोण सांगतं? ते उपकार मी विसरलो नाही. पण भीतीही तेवढीच — एका बाईला मी तपासणी अर्धी टाकून सोडलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पुन्हा अर्धा फॉर्म आला, तर दुसरा माणूस बघीन."

गयामावशीला मीच नेलं. तिची खानावळ. पहाटेपासून उभ्यानं भाकरी थापायची, पाय सुजायचे. या परक्या गावात मला नावानं हाक मारणारी पहिली बाई ती.

उजवा पाय नीट झाला. डाव्याचे दोन टप्पे झाले — अन् दवाखान्याच्या घड्याळात बारा वाजले. मावशी कोपरावर उठली.

"आरं सोड की बाबा! जेवायला आलेली पोरं माघारी जातील. पाय काय पळून चाललाय का माझा?"

"मावशी, तीनच टप्पे राहिलेत."

"लिव्ह की कायबी! दोन्ही पाय माझेच हायेत न्हवं?"

मी हसलो. पट्टा सोडला. ती गेली. फॉर्मवर राहिलेल्या तीन घरांत मी उजव्या पायाचे आकडे उतरवले.

इथवर सांगणं सोपं आहे. तिला घाई होती, मला नोकरीची धास्ती होती — म्हणता येतं. पण तेवढंच नाही. पहिल्या दोन घरांत डाव्या पायाचे खरे आकडे होते ना? उजव्याची रेघ चौथ्या टप्प्यापर्यंत आडवी पडून होती. डाव्याची दुसऱ्यालाच चढायला लागली होती. माझ्या डोळ्यांदेखत. ते दोन आकडे खालच्या तिन्हीशी जुळेनात. म्हणून मी ते खोडले. रबरानं. वर फुंकरही मारली. तिथंही उजव्याचेच लिहिले.

मला कळलं नव्हतं का? ठिबकचं मला पक्कं कळलं होतं. एकच पाय वेगळा दिसला की मॅडम त्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवायच्या — हेही माहीत होतं. मॅडमनी फॉर्म पाहिला. म्हणाल्या, "दोन्ही सारखेच. उभं राहून सूज आलीय." मावशीला उशीवर पाय ठेवून झोपायला सांग, म्हणाल्या. मी शेजारीच उभा होतो.

तीन आठवड्यांनी डावा पाय मांडीपर्यंत सुजला, काळानिळा पडला. शिरेत रक्ताची गाठ निघाली. पाय वाचला, पण उभं राहणं संपलं. घोट्यावरची जखम दोन वर्षं झाली तरी भरत नाही. भाकरी आता सून थापते, मावशी खुर्चीवर बसून हुकूम सोडते.

मी गेलो की नव्या गिऱ्हाइकाला सांगते, "ह्या लेकरानं मला हाताला धरून दवाखान्यात नेलतं. लई जीव लावतं. मशिनीतच न्हाई घावलं, त्याला ते तरी काय करील?"

मग सुनेला म्हणते, तव्यावरची पहिली भाकरी याला वाढ.

मी मान खाली घालतो. ती समजते, लाजलो. मग मी जेवतो — कालही जेवलो.