झाकणाच्या आतली अक्षरं

आदगोंडा चौगुले सांगलीत घड्याळं दुरुस्त करायचा. गणपती पेठेजवळच्या एका बोळात त्याचं दुकान होतं. आत दोन माणसं बसली की तिसऱ्याने पायरीवर उभं राहायचं, एवढंच. दुकान मुळात थोरल्या भावाचं, रायगोंडाचं. आईबाप लवकर गेले, तेव्हा रायगोंडानेच धाकट्याला वाढवलं, आपल्या शेजारी बसवून हातात चिमटा दिला, डोळ्याला भिंग धरायला शिकवलं. त्या रायगोंडाला एकाहत्तर साली अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तेव्हापासून आदगोंडा रोज सकाळी या थोरल्या भावाला, अण्णाला, अंघोळ घालून, भरवून मगच दुकानाची फळी उघडायचा.

जुनं, भारी घड्याळ कुणी विकत घेणार असेल तर आधी आदगोंडाला दाखवायचं, अशी गावात पद्धतच पडली होती. तो किंमत चढवून सांगायचा नाही, की पाडून सांगायचा नाही. जे असेल ते सांगायचा.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये हळदीचे व्यापारी आप्पासो मगदूम दुकानात आले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिला सोन्याचं परदेशी घड्याळ द्यायचं त्यांच्या मनात होतं.

"बाजारात फिरणाऱ्या मालावर माझा इस्वास न्हाई," ते म्हणाले. "रहिमतपुरात एका बाईकडं जुनं स्विस घड्याळ हाय म्हणं. नवरा मिलिटरीत हुता. उद्या तू संगं चल. तू खरं म्हटलास तर चार हजार द्यायची तयारी हाय माझी."

दुसऱ्या दिवशी आप्पासोंच्या गाडीतून दोघं रहिमतपूरला पोचले. राहीबाई माने पन्नाशीची होती. नवरा सयाजी दोन वर्षांपूर्वी वारला होता, मूलबाळ नव्हतं. घर लहान, पण पुढची खोली तिने रिकामी करून शेणाने सारवून ठेवली होती. तिथे पिठाची गिरणी टाकायची होती तिला. गल्लीत वीज आली होती, कऱ्हाडच्या दुकानदाराशी बोलणंही झालं होतं. घड्याळ विकलं की गिरणी येणार होती.

बिस्किटाच्या डब्यातून तिने एक पुरचुंडी काढली. "लढाईत हे इटलीत हुते," ती सांगू लागली. "तिथल्या एका घरात लय हाल चालले हुते. यांनी दोन ब्लँकेटं आन् बूट दिले. तवा त्या घरच्या बाईनं हातातलं काढून दिलं. आल्यावर यांनी माझ्या हातात बांधलं."

आदगोंडा उजेडासाठी दारात बसला. घड्याळ चार आण्याच्या नाण्याएवढं. तबकडीवरचं कंपनीचं नाव त्याने आजवर फक्त दोनदा पाहिलं होतं. अक्षरं बारीक, कुठे फाटलेली नाहीत; काटे मूळचेच. त्याने पात्याने मागचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला स्विस सोन्यावर असतो तो बाईच्या डोक्याचा छाप होता, अठरा कॅरेटचा, आणि खाली नंबर.

"केस, म्हंजे बाहेरचं सोन्याचं कवच, अस्सल हाय," तो म्हणाला. राहीबाईने पदर तोंडाला लावला. आप्पासो खुर्चीत जरा पुढे सरकले.

मग त्याने मशीन पाहिलं आणि त्याचा हात थांबला. मशीनवर कंपनीचं नाव नव्हतं. ते केसमध्ये नीट बसतही नव्हतं. भोवती पितळेची पातळ कडी घालून बसवलेलं होतं. त्याने मशीन बाहेर काढलं. तबकडी मशीनला धरून ठेवणारे तिचे मागचे दोन्ही पाय कापून ती नुसती चिकटवलेली होती. कुणीतरी मूळ मशीन काढून घेऊन त्या जागी हलकं, बाजारी मशीन घातलं होतं, आणि फार सफाईने घातलं होतं.

कुणी, तेही तिथंच लिहिलेलं होतं. घड्याळ उघडलं की कारागीर झाकणाच्या आत सुईने आपली खूण करतात, पुन्हा आलं तर ओळखावं म्हणून. इथे एकच खूण होती: रा. चौ., पंचावन्न साल. त्या 'र'चं शेपूट लांब ओढलेलं होतं. असं शेपूट रायगोंडा ओढायचा. आदगोंडाने भिंग काढून डोळा पुसला, परत लावलं, परत वाचलं.

"काय दिसतंय रं?" आप्पासोंनी विचारलं.

"केस खरी, तबकडी खरी. मशीन दुसरं हाय. हलकं."

राहीबाईला आधी कळलंच नाही. मग ती हळू म्हणाली, "म्हंजे यांनी मला खोटं आणून दिलं व्हतं?"

"न्हाई, आवं न्हाई," आदगोंडा घाईने म्हणाला. "आणलं तवा खरंच हुतं. मशीन मागनं बदललंय कुणीतरी."

"कुणी? एकदाच तर उघडलंय. हे सुट्टीवर आले हुते तवा सांगलीला नणंदंकडं गेलो, तिथं टाकलं हुतं दुरुस्तीला."

"दुकान कंचं?" आप्पासोंनी विचारलं.

"ते कुठलं ध्यानात? हेच आत गेले. मी रस्त्यावर उभी हुते."

दोघांनी आदगोंडाकडे पाहिलं. त्याने झाकण दाबून बंद केलं. "आता ते कळायचं न्हाई," तो म्हणाला.

आप्पासोंनी नुसत्या सोन्याचे साडेचारशे देऊ केले. ती म्हणाली, मोडीतच द्यायचं तर इथला सोनार हाय की. परतीच्या वाटेवर आप्पासो त्याचं कौतुक करत होते, तुझ्यामुळं वाचलो म्हणत होते. आदगोंडा खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी आल्यावर तो अण्णाच्या खाटेवर बसला. "अण्णा, रहिमतपूरचं लेडीज घड्याळ. पंचावन्न साल. मशीन तुमी बदललं?"

रायगोंडाच्या घशातून आवाज आला. तो हो होता की नाही, कळलं नाही. उजव्या डोळ्यातून पाणी ओघळलं; पण झटका आल्यापासून तो डोळा दिवसभर गळायचाच. आदगोंडाने परत विचारलं, परत तोच आवाज. मग त्याने अण्णाचं तोंड पुसलं आणि मऊ भात भरवायला घेतला.

जेवताना त्याच्या ध्यानात आलं, पंचावन्नच्या वैशाखात आपलं लग्न झालं. बायको, त्रिशला, समोर बसून वाढत होती. तिच्या गळ्यात बोरमाळ होती, लग्नात अण्णाने हौसेने केलेली. दुकान तेव्हा जेमतेम चालायचं. त्याने मान खाली घालून घास गिळला. तिला काही विचारलं नाही.

पुढचे आठ दिवस तो दुकानातले जुने खण उपसत होता. सिगारेटच्या डब्यांत भरलेली शेकडो मशिनं एकेक करून त्याने भिंगाखाली घातली. त्या घड्याळाचं मूळ मशीन त्यात नव्हतं.

महिनाभराने तो पॅसेंजरने एकटाच रहिमतपूरला गेला. राहीबाईने घड्याळ सोनाराला दिलं होतं. सोनाराने केस तिच्यासमोर आटवली होती. पुढच्या खोलीत आता जळण रचलेलं होतं. आदगोंडाने उभ्या उभ्याच सांगितलं, घड्याळ उघडणारा माझा सख्खा भाऊ. मला त्याच दिवशी कळलं हुतं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "जित्ते हायत का?"

"हायत. पण बोलता येत न्हाई. उजवा हात हालत न्हाई."

"इचारलं तर समजतं त्यांना?"

"समजतं का न्हाई, तेच मला समजत न्हाई."

"मग मी आता कुणाला इचारू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला जास्तच अवघड झालं. त्याने पिशवीतून एचएमटीचं नवं लेडीज घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवलं. तिने ते उलटंपालटं करून बघितलं आणि त्याच्या हातात परत दिलं. "मला घड्याळ बघता येत न्हाई, दादा. मला गिरणी टाकायची हुती."

तिने चहा ठेवला. परतीची गाडी संध्याकाळी होती. तो चहा पिऊन तिथंच बसून राहिला. ती समोर जोंधळे निवडत होती.

रायगोंडा आणखी दोन वर्षं जगला. आदगोंडाने त्याचं सगळं पूर्वीसारखंच केलं, पण ती गोष्ट पुन्हा काढली नाही. भावाची खूण असलेलं घड्याळ दुरुस्तीला आलं, की तो आधी मशीन तपासायचा. सगळी मूळचीच निघायची. एवढं एकच असं का, हे त्याला कधी उलगडलं नाही. आप्पासो नंतर दोनदा पारखीसाठी बोलवायला आले. डोळ्यांना कमी दिसतंय, असं सांगून आदगोंडाने दोन्ही वेळा नकार दिला.