देस्कितची सुरी आणि दोम

आमच्या चांगथांगच्या उंच पठारावर मेंढी एकाच अंगाला गोल गोल फिरायला लागली, की लोक म्हणतात, देस्कितला बोलवा. ही गरगरी काढावी तर तिनेच. तिचा आणि माझा तंबू चाळीस वर्षं शेजारी, त्यामुळे मला तिचं कौतुक जरा कमीच. पण बाईच्या हाताला गुण आहे, हे कबूल करतो.

मेंढीचं डोकं मांडीवर घ्यायची. अंगठ्याने कवटी चाचपत जायची आणि हाड मऊ लागलं की थांबायची. कातडी चिरून सुरीच्या टोकाने बोट जाईल एवढं भोक पाडायची. आत पाण्याने भरलेली पांढरी पिशवी असते. पिसाच्या पोकळ नळीने तिच्यातलं पाणी ओढून पिशवी अलगद बाहेर काढायची, मग भोकावर लोणी आणि कातडीला दोन टाके. दहातल्या सहा मेंढ्या तरी आठवड्यात सरळ चालायला लागायच्या. बाकीच्या मरायच्या, त्यांची डोकी कुत्र्यांना.

पिशवीही कुत्र्यालाच. ही रीत तिच्या आईपासूनची. कुत्र्याने खाल्लं की दुखणं परतीची वाट विसरतं, असं म्हातारी सांगायची. देस्कितचा कुत्रा दोम, काळाकभिन्न, मान म्हणजे माझी मांडी. सुरीला धार लावायचा आवाज आला की कुठूनही येऊन समोर बसायचा.

पण एक गोष्ट तिला छळायची. गरगरी सगळ्यात जास्त तिच्याच कळपात. दोन वर्षांत तिची एकोणीस कोकरं गेली होती.

तिला सगळे आचे, म्हणजे ताई, म्हणतात. मी म्हणायचो, "आचे, वैद्य घरचाच आहे हे तुझ्या मेंढ्यांना कळलंय. लाडात आल्यात."

"तू गप चहा पी, सम्फेल. अशीच अजून दोन वर्षं गेली ना, तर कळप संपला. मग बस माझ्या तंबूच्या रिकाम्या जागेकडे बघत."

तोंडाने मला झापायची, पण डोक्यात तेच. गवत बदलून पाहिलं, पाणी बदललं. गोन्पातल्या लामांना विचारलं, तर ते म्हणाले झऱ्याची देवता रुसली आहे. धूप जाळला. त्या वसंतात आणखी सात कोकरं फिरली. ती मेलेल्या कोकराचं डोकं फोडून तासन् तास आत बघत बसायची, मग उठून दोमपुढे टाकायची.

मग लशी टोचायला जिग्मेत डॉक्टर आला. जनावरांचा डॉक्टर, पोरसवदाच. देस्कितने त्याला हाताला धरून बसवलं. "बस. बघ. आणि मला सांग, माझ्याच का."

त्या दिवशी दोन मेंढ्या होत्या. पहिलीची कवटी तिने उघडली तेव्हा डॉक्टरचा चहा हातातच गार झाला. पिशवी निघाली, तिने न बघताच मागे फेकली आणि दोमने वरच्या वर झेलली.

"आचे, हे नेहमीचंच?"

"मग काय पुरून ठेवू?"

दुसरी पिशवी मात्र डॉक्टरने मागून घेतली, ताटलीत फोडली आणि भिंग तिच्या हातात दिलं. पिशवीच्या आतल्या अंगाला बारीक पांढरे दाणे, घोसच्या घोस. इतकी वर्षं पिशव्या काढल्या, पण एकही फोडून पाहिली नव्हती हिने. मग डॉक्टरने लोण्याच्या गोळ्यात औषध घालून दोमला दिलं आणि त्याला बांधून ठेवायला सांगितलं.

सकाळी दोमच्या घाणीत पांढऱ्या फिती होत्या, चपट्या, हातभर. डॉक्टर काडीने उचलून दाखवत म्हणाला, "काल पाहिलास तसा एकेक दाणा कुत्र्याच्या पोटात अशी फीत होतो, आचे. फितीची अंडी घाणीतून गवतावर पडतात. आणि गवत..."

"कळलं," देस्कित म्हणाली.

ती कोकरांच्या वाड्याकडे बघत होती. दोम रोज तिथेच निजायचा, राखणीला. अख्ख्या छावणीतल्या मेंढ्यांच्या पिशव्या त्या एका पोटात गेल्या होत्या.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. माझ्या जिभेवर एक थट्टा आली होती, ती मी गिळली. मला फार वाईट वाटलं तिचं.

तिसऱ्या दिवशी देस्कित घोड्यावर बसली आणि छावणी छावणी फिरली. डोकी कुत्र्यांना घालू नका, जाळा. कुत्र्यांना औषध द्या. माझ्या हातून हे असं झालं, हेही प्रत्येक तंबूत सांगून आली. लोक हसले. आपल्याच पोटावर पाय देते म्हणाले, कारण गरगरी काढली की लोक तिला लोण्याचा मोठा गोळा द्यायचे. पण डोकी जाळायला लागले.

त्याला आता चार उन्हाळे झाले. यंदा तिची एक्केचाळीस कोकरं, सगळी सरळ चालतात. सुरी तंबूत खोचून ठेवलेली असते.

गेल्या महिन्यात लांबच्या छावणीतून एक मेंढी आली. देस्कितने सुरीला धार लावली, आणि दोम आला. म्हातारा झालाय, एका डोळ्याने दिसत नाही, तरी पाय ओढत येऊन समोर बसला. पिशवी निघाली. तिने हात मागे नेला आणि तसाच थांबवला.

"सम्फेल, याला कसं सांगू रे?"

पिशवी तिने गोवऱ्यांच्या चुलीत टाकली. हात धुऊन आली, आपल्या वाडग्यातलं सातूचं पीठ लोण्यात मळलं आणि त्याच्यापुढे धरलं. दोमने हुंगलं, पण खाल्लं नाही. चुलीकडे बघत बसून राहिला.