मंगळवारी अकरा वाजता आलेला फोन

माझं अक्षर वाईट आहे आणि लिहिण्यात चुका पुष्कळ असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. पुढे लिहिणं म्हणजे सामानाची यादी आणि सही, एवढंच. पुंगोलला ज्यांच्याकडे मी पोळ्या करायला जाते त्या मेघनाताई मोबाईलवर लोकांचे असे अनुभव वाचतात आणि मी लाटत असताना मला मोठ्याने ऐकवतात. माझं ऐकल्यावर म्हणाल्या, "मावशी, हे लिहून काढा." मी हो म्हटलं नाही. चारचौघांत बोलायचं तर माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण येताना वही घेऊन आले. त्यांना अजून दाखवलेली नाही...

आमच्या घरात भूतखेत, नजर, अंगात येणं, काही मानत नाहीत. सकाळी बुद्धवंदना, बाकी काही नाही. माझे मिस्टर तर, चिनी शेजारी त्यांच्या पंचांगाच्या सातव्या महिन्यात ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, पितरांसाठी कागदी नोटा जाळायला लागले की धूर येतो म्हणून खिडकी लावायचे आणि म्हणायचे, "मेल्यावर पैसे कशाला लागतात? तिथे काय घरभाडं आहे?" मीही हसायचे. म्हणून हे लिहिताना मलाच चमत्कारिक वाटतंय.

आम्ही आंग मो किओला राहतो, अकराव्या मजल्यावर. हे हिंदुस्थानातून इथल्या शिपयार्डात पाईप फिटर म्हणून आले, शेवटी सुपरवायझर झाले. मुलगा एकच, सुमेध. इथेच वाढला, बोलताना इथल्यांसारखं शेवटी 'लाह' लावतो. इथे मुलांना सक्तीने फौजेत काढावी लागतात ती दोन वर्षं झाल्यावर तो इथल्या नेव्हीतच राहिला, जहाजाच्या इंजिनांवर. नेव्हीने त्याला पुढे शिकवलं. त्याबदल्यात ठरलेली वर्षं नोकरी करायची असा कागद त्याने लिहून दिला होता. त्याला बॉन्ड म्हणतात. आधी सोडलं तर शिक्षणाचे उरलेले पैसे परत भरायचे.

एकदा जेवताना सुमेध म्हणाला, ऑस्ट्रेलियाची नेव्ही बाहेरच्या देशांतली शिकलेली माणसं घेते, मला अर्ज करायचाय. त्याला मोठ्या जहाजांवर काम करायचं होतं.

हे म्हणाले, "अंगावर एक वर्दी असताना दुसऱ्या शिंप्याकडे माप द्यायला निघालास?"

"बाबा, जॉब आहे लाह. रीतसर राजीनामा देणार, पैसे भरणार. पळून थोडाच चाललोय?"

ह्यांचा घास हातातच राहिला. ताट तसंच ठेवून हे उठले. त्या दिवसानंतर ते सुमेधशी बोलले नाहीत.

का, ते मला एकटीला माहीत होतं. लग्नाआधी हे हिंदुस्थानच्या फौजेत भरती झाले होते. माझे सासरे फौजेत हवालदार, त्यांच्याच हौसेनं. ट्रेनिंग पुरं व्हायच्या आधी हे एका पहाटे तिथून पळून आले. सासऱ्यांनी त्यानंतर मरेपर्यंत ह्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. लग्नानंतर ह्यांनी मला हे सांगितलं आणि वचन घेतलं, की मुलांना कधी सांगायचं नाही. मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं.

त्या भांडणाला तीन महिने झाले असतील. शिपयार्डच्या गेटाजवळ बसची वाट बघताना हे बसल्या जागी गेले. सुमेध तेव्हा समुद्रावर. तो दहनाच्या वेळेला कसाबसा पोचला. वर्दीवरच होता. रडला नाही. एवढंच म्हणाला, "आई, बाबा माझ्याशी बोलले नाहीत." नंतर दीड वर्ष त्याने ऑस्ट्रेलियाचं नाव काढलं नाही. मग एकदा मीच म्हटलं, जायचं असेल तर जा. तो म्हणाला, "त्यांनी हो म्हटलं नव्हतं ना." तरी अर्ज केला, पण मन नव्हतं. कागद आला की दोन दोन दिवस उघडायचा नाही.

तिकडे घेण्याआधी माणसाची फार चौकशी करतात. कुठे राहिला, घरात कोण, घराण्यात कोणी दुसऱ्या देशाच्या फौजेत होतं का... सगळं फॉर्मवर लिहायचं. वडिलांच्या रकान्यात सुमेधने 'वारले' असं लिहिलं होतं, ते मी स्वतः बघितलं. घरचा नंबर म्हणून हॉलमधल्या जुन्या फोनचा नंबर दिला होता.

आता तो मंगळवार. मंगळवारी मी पुंगोलला जाते. सकाळी नऊला कुलूप लावून निघाले. सुमेध त्याच्या तळावर होता. हॉलमध्ये बांबूवर त्याच्या वर्दीचे कपडे वाळत होते, म्हणून पंखा जोरात सोडला होता. इथल्या दमट हवेत पंख्याशिवाय कपडे वाळत नाहीत, तो मी कधी बंद करत नाही. मेघनाताईंचा छोटा त्या दिवशी म्हणाला, "आंटी, राउंड वन ओन्ली लाह," म्हणजे गोलच हवी, म्हणून वाकडी पोळी मी खाल्ली, हेसुद्धा लक्षात आहे. एक वाजता परत आले. कुलूप जसंच्या तसं. पंखा बंद होता. कपडे ओले. मला वाटलं, मीच विसरले. पुन्हा पंखा लावला आणि कामाला लागले.

शनिवारी दुपारी सुमेधची मुलाखत होती, लॅपटॉपवर. तिकडच्या एक बाई होत्या, वयाने मोठ्या, आवाज मऊ. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. माझं इंग्रजी बसपुरतं, पण फादर आणि ट्यूजडे कळतं. बाकीचं सुमेधने मला नंतर नीट सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मंगळवारी मी तुमच्या वडिलांशी बोलले."

सुमेध म्हणाला, "माझे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. फॉर्मवर आहे."

बाई थोडा वेळ कागद चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, तुमच्या घरच्या नंबरवर, तुमच्याकडचे अकरा वाजले होते. एका गृहस्थांनी उचलला. मी वडील, असं म्हणाले. सावकाश बोलत होते. आधी म्हणाले, वन मिनिट मॅडम, फॅन क्लोज. मग येऊन बोलले.

माझे हात कणकेत तसेच राहिले. ह्यांना पंख्याच्या आवाजात फोनवर ऐकू यायचं नाही. दर वेळी हेच वाक्य. समोर गावचा भाऊ असला तरी इंग्रजीतच म्हणायचे. सुमेध चिडवायचा, "बाबा, तो माणूस आहे का फॅन दुरुस्तीवाला?"

बाई पुढे वाचत होत्या. ते म्हणाले, मी तरुणपणी फौजेच्या ट्रेनिंगमधून पळालो. मुलाला माहीत नाही. मी मागच्या दाराने गेलो, तो पुढच्या दाराने जाईल. घेतलेलं फेडून जाईल. त्याला घ्या.

"आणि हे तुमच्या फॉर्मवर नाही," बाई म्हणाल्या. आवाज आता तितका मऊ नव्हता.

सुमेधचा चेहरा उतरला. "हे खोटं आहे," तो म्हणाला. "कोणीतरी तुमची मस्करी केली. माझे वडील कधी फौजेत नव्हते."

बाई म्हणाल्या, मग एकतर फोनवरचा माणूस खोटं बोलला किंवा तुम्ही. दोन्ही मला लिहावं लागेल.

मला कळलं, पोराचं सगळं इथे अडकलंय. मी गप्प राहिले असते तर वचन राहिलं असतं. पण ज्यांनी वचन घेतलं त्यांनीच सांगून टाकलं असेल तर मी कोणासाठी गप्प राहायचं? कणकेच्या हातांनीच हॉलमध्ये गेले. परक्या बाईसमोर, तेही पडद्यावर... म्हटलं, "मॅडम. ट्रू. माय हजबंड. आर्मी, रन अवे. ओन्ली आय नो. माय सन डोन्ट नो."

बाईंनी विचारलं, मंगळवारी घरात कोण होतं? मी म्हटलं, "नोबडी. लॉक."

त्यांनी पेन उचललं. मग म्हणाल्या, थँक यू, मिसेस. आणि काहीतरी लिहिलं.

मुलाखत संपल्यावर सुमेध म्हणाला, "आई, मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"लाज वाटत होती रे."

"आणि मी त्यांना पळून जाण्याचं बोललो."

"तुला ठाऊक नव्हतं."

तेव्हा तो रडला. दोन वर्षांचं रडला.

आम्ही सगळं तपासलं. किल्ली दोघांकडेच. आलेल्या फोनची नोंद बिलावर नसते. शेजारच्या चिनी आजींना विचारलं, त्यांनी मंगळवारी आत बोलणं ऐकलं का. त्या म्हणाल्या, "रेडिओ ऐकला. तुमच्या भाषेतला नाही, इंग्लिश." आमच्याकडे रेडिओ नाही. सुमेध म्हणतो, आपण कुठेतरी काहीतरी विसरतोय, आई. विसरत असू. पण ह्यांनी ते मला सोडून कोणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही, आणि सासरे तर कधीच गेले.

पुढे तिकडून पत्र आलं. घेतलं त्याला. राहिला बॉन्ड. सुमेधने स्वतःची शिल्लक काढली, थोडे कमी पडत होते. मी पोळ्यांचे साठवलेले पुढे केले. तो घेईना.

मी म्हटलं, "तुझ्या बाबांचं जे फेडायचं राहिलं ते कुठे भरायचं मला माहीत नाही. ह्यात घाल."

मग घेतले.

परवा इथल्या नेव्हीचं पावतीचं पत्र आलं. सुमेध सामान बांधत होता. मी ते घेऊन ह्यांच्या फोटोसमोर गेले. आधी पंखा बंद केला. मग जमेल तसं, अक्षर अक्षर लावून वाचलं. शेवटच्या ओळीत बाकीच्या जागी शून्य होतं, ते मात्र न अडखळता वाचता आलं. पैसे पूर्ण फिटले.