मधला मुक्काम

धुळाआबा कुठल्याही नव्या जागी गेले की लगेच बसायचे नाहीत. दारातून आत येऊन उभे राहायचे, वारा कुठून येतो ते बघायचे, पाणी कुठे आहे ते शोधायचे, भिंतीला ओल आहे का ते हाताने चाचपायचे. मग कुठे एक कोपरा ठरायचा. माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी खुर्ची पुढे केली, तर तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माठ बघितला, पंखा बघितला, आणि दाराजवळच्या भिंतीला पाठ टेकून सरळ फरशीवर मांडी घातली. "हितं बसाय हरकत न्हाई," म्हणाले. मी काही जागा भाड्याने द्यायला बसले नव्हते, पण पसंत पडली याचं मला उगीचच बरं वाटलं.

माझं दुकान तळेगाव ढमढेऱ्यात, बाजाराच्या रस्त्यावर. एसटी, रेल्वे आणि विमान अशा तिन्ही तिकिटांची पाटी लावली आहे, पण खरं गिऱ्हाईक रेल्वेचं. सणसवाडीच्या कारखान्यांतली बिहारची, उत्तर प्रदेशची पोरं सणाला गावी निघाली की त्यांना दौंडहून गाडी लागते. दौंडला गाडी बदलायला किती वेळ मिळतो, हा प्रश्न मी दिवसातून इतक्या वेळा ऐकते की झोपेतही उत्तर देईन. विमानाचं गिऱ्हाईक क्वचित येतं, म्हणून त्याची मला हौस मोठी. एका विमानातून उतरलेला माणूस हातपाय मोकळे करायच्या आत दुसऱ्यात बसला पाहिजे, अशी सांगड घालून देण्यात मी स्वतःला फार हुशार समजत असे.

आबा सत्तरीच्या पुढचे, सडपातळ. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी. उभं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. आता मेंढरं विकून गावाबाहेरच्या रानात कांदा आणि ऊस करायचे.

"ताई, अमेरिकेचं तिकीट काडता का?"

"काढते की. कोण जाणार?"

"म्या आन् सुरेखाची आई."

सुरेखा ही त्यांची एकुलती मुलगी. वसतिगृहात राहून शिकली, इंजिनियर झाली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर शिकागोला गेली. बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते. आधी दोनदा आशा लागून तुटली होती, त्यामुळे या खेपेला डॉक्टरांनी अंथरुणातून हलायचं नाही असं बजावलं होतं. सासू हयात नव्हती. आईने जायलाच हवं होतं.

आई म्हणजे बानूआक्का. सगळा जन्म चालण्यात गेलेली बाई, पण एका जागी बसून राहिल्या की त्यांचे पाय सुजून खांबासारखे व्हायचे. पुण्याला दवाखान्यात नुसतं बसने जाऊन आल्या, तरी पुढे कितीतरी दिवस पाऊल टेकवत नव्हतं. विमानात किती बसावं लागतं हे कळल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "अमेरिकेपातूर चालाया सांगा, चालंन. निस्तं बसाया सांगू नगा. मदी दिसभर आंग टाकाया जागा आसंल तर येती, न्हाईतर न्हाई." ती जागा शोधायला आबा माझ्याकडे आले होते.

मला हे नीट समजलंच नव्हतं. मी बाह्या सरसावून संगणकापुढे बसले आणि दुसऱ्या बाजारच्या दिवशी त्यांच्यापुढे माझं देखणं काम ठेवलं. मुंबईहून लंडन, लंडनहून समुद्र ओलांडून शिकागो.

"मदी किती येळ?"

"फक्त दीड तास, आबा."

"दीड तासात काय हुतंय? तेवड्यात मेंढरू पानी बी पेत न्हाई."

"अहो, लोक यासाठी भांडतात. सगळ्यांना कमीत कमी वेळ हवा असतो."

"ते मोकळंच जात आसतील," आबा शांतपणे म्हणाले. उठताना त्यांनी फरशीला बोटं लावून कपाळाला टेकवली आणि म्हणाले, "येतो फिरून." हा त्यांचा नेम होता. निघताना माणसाचा निरोप घ्यायचेच, पण आधी जागेचा.

पुढे मग दर बाजारच्या दिवशी ते यायचे, पिशवी भिंतीशी ठेवायचे आणि आमची मोहीम सुरू व्हायची. बोलता बोलता कळलं की दिवाळी झाली की हे लोक मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायचे. तरुणपणी आबांकडे काम असायचं ते एक दिवस पुढे जाऊन मुक्काम बघून यायचं. चारा किती, पाणी कसं, शेतकरी मेंढरं बसवू देतो का, जमीन उताराची तर नाही. "आदी मुक्काम बगायचा. वाट काय, पाय काडत्यात," असं ते म्हणायचे. तीच नजर त्यांनी माझ्या पडद्यावरच्या विमानतळांना लावली. तिथे आडवं होता येतं का? मोरी किती लांब? ऊन येतं का? कोणी हाकलत तर नाही?

सगळंच काही शहाणपणाचं होतं असं नाही. आखाती देशातून जाणारी एक चांगली सोय मी दाखवली, दिवसभराच्या थांब्यासकट, तर ती त्यांनी झटक्यात मोडीत काढली. "तिकडं समदी वाळू. मुक्कामाला हिरवं पायजे."

"आबा, तुम्ही मेंढरं नेत नाही आहात."

"सवय," म्हणाले आणि मिशीत हसले.

एकदा मात्र माझा पारा चढला. दुकानात दौंडच्या गाडीची पोरं ताटकळलेली आणि हे मला विचारत होते की तिकडे जमीन गार असते की कशी. मी फाडकन म्हणाले, "मी तिकिटं काढते, आबा. जागा बघायला जात नाही."

ते चिडले नाहीत. खरंच नवल वाटल्यासारखे म्हणाले, "तुमी म्होरं जाऊन आला न्हाई कवा?"

"मी अजून विमानात पाय ठेवलेला नाही."

आबा इतके हसले की मुंडाशाच्या टोकाने डोळे पुसावे लागले. "आन् म्या समजत हुतो ताईला समदं ठावं. मंग आपुन सारकंच की," म्हणाले. ती पोरंही हसली, मलाही हसू फुटलं. त्या दिवसापासून ते माझं नुसतं गिऱ्हाईक राहिले नाहीत.

तिकडून सुरेखाचे फोन चालू होते. "ताई, आबांचं काय ऐकता? थेट विमान काढा, नाहीतर कमीत कमी थांब्याचं. मी इथे एकटी पडून आहे." मी आबांना सांगायचे. ते खाली बघत म्हणायचे, "तिला वाटतं आईनं लवकर यावं. मला वाटतं धड यावं. पाय घिऊन पडली तर पोरीचं कोन करनार?"

शेवटी शिरूरचे एक प्राध्यापक मदतीला आले. अमेरिकेतल्या मुलाकडून परतताना ते ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर थांबले होते. त्यांनी मला मोबाईलवर एक फोटो पाठवला: मोठी काच, काचेपाशी पाय लांब करता येतील अशा खुर्च्या, आणि बाहेर पार लांबपर्यंत हिरवं गवत. आबांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही. काचेतून ऊन कुठे पडलंय ते बोटाने दाखवलं. मग म्हणाले, "जागा चांगली हाय. बसवा हितं." शेतात मेंढरं मुक्कामाला ठेवणं याला त्यांच्यात बसवणं म्हणतात. सकाळी उतरायचं, दुपार कलल्यावर निघायचं, असं तिकीट मी काढलं.

ते गेले त्या दिवशी माझं कामात चित्त नव्हतं. पाटण्याच्या एका पोराला मी भलत्याच तारखेचं तिकीट काढून दिलं. दुपारी सुरेखाचा फोन आला. विमान उतरलं होतं, पण आबांचा फोन बंद होता. "तुम्ही आबांच्या नादी लागलात, ताई," ती म्हणाली. "माझी आई कुठे आहे?" ज्यांना पाटी वाचता येत नाही अशी दोन म्हातारी माणसं मी एका हट्टापायी परक्या मुलखात दिवसभरासाठी सोडली होती, आणि आता त्यांना विचारायला कोणी नव्हतं. मी देवाला हात जोडले, मग स्वतःला चार शिव्या दिल्या.

दिवेलागणीला सुरेखाने एक फोटो पाठवला. कोणी भारतीय मुलगी तिथून जात होती, तिला आबांनी खिशातला नंबर दाखवला आणि तिने फोटो काढून सुरेखाला धाडला. आमच्या त्या लांब खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांच्या शेजारी जमिनीवर, काचेतून पडलेल्या उन्हात घोंगडी अंथरली होती आणि गाठोडं उशाला घेऊन बानूआक्का गाढ झोपल्या होत्या. त्यांच्याजवळ आबा भिंतीला पाठ टेकून बसले होते, माझ्या दुकानात बसायचे तसेच.

शिकागोला आक्कांनी चाकाची खुर्ची नाकारली आणि चालत बाहेर आल्या. पुढे नात झाली, मायलेकी सुखरूप राहिल्या. मी दुकानात पेढे वाटले. माझी कोण लागत होती ती मंडळी? पण वाटले.

पाचसहा महिन्यांनी दोघं परतली, सुरेखाने तिकडून काढलेल्या दुसऱ्याच वाटेच्या तिकिटाने. आबा दुकानात आले, आपल्या जागी बसले. अमेरिकेबद्दल त्यांच्याकडे फारसं सांगण्यासारखं नव्हतं. "चांगली हाय. पर रस्त्यानं मानूसच दिसंना." बोलायचं होतं ते मधल्या मुक्कामाबद्दल.

"ताई, लगीन झाल्यापास्नं आमी दोगं निस्तं बसलोच नव्हतो कवा. म्होरं मेंढरं, मागं घोडं. मुक्कामाला पोचलं की ती चुलीला आन् म्या राखनीला. तितं ना चूल, ना राखन. झोप झाल्यावर भाकरी खाल्ली, लसणाची चटणी हुती. मंग ती बोलत बसली आन् म्या आइकत बसलो. ती यवडं बोलती, मला ठावंच नव्हतं."

"काय बोलल्या एवढं?"

"ते न्हाई सांगनार," आबा म्हणाले आणि माठाकडे बघत राहिले. सत्तरी उलटलेला माणूस लाजतो तेव्हा किती छान दिसतो हे मी त्या दिवशी पाहिलं. मग त्यांनीच सांगितलं की निघताना त्यांनी तिथल्या फरशीलाही हात लावला. "म्हनलं, येतो फिरून, दोगं बी."

ते जमलं नाही. गेल्या थंडीत आबा कांद्याला पाणी देऊन आले, ओसरीवर भिंतीला टेकून बसले आणि तसेच गेले. बातमी ऐकून मी दुकानात बसून रडले, गिऱ्हाइकांसमोरच. अजूनही त्या भिंतीशी कोणी बॅगा रचल्या तर मी उठून त्या बाजूला करते.

सुरेखा येऊन सगळे विधी करून गेली. आईचे तिकडे कायमचं राहण्याचे कागद तिने आधीच केले होते, ते पुढे पूर्ण झाले. तिचा मला फोन आला, "ताई, आता आई एकटी आहे. थांबा अगदी छोटा बघा. विमानतळावरची माणसं तिला एकातून दुसऱ्यात बसवतील. आता पायांच्या शिरांचं ऑपरेशनही झालंय, सूज येत नाही, तिला बसवतं." तिचं बरोबर होतं. मी शोधलं आणि मिळालंही, पूर्वी मला अभिमान वाटायचा तसलं सुरेख.

बाजारच्या दिवशी बानूआक्का दुकानात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दारात उभ्या राहिल्या, माठ बघितला, पंखा बघितला आणि कोणी न सांगता त्याच भिंतीला टेकून बसल्या.

"ताई, मागल्या येळंला काडलं हुतं त्येच काडा. त्या जाग्यावरनं."

"आक्का, तिथे दिवसभर एकट्या काय कराल?"

"बसंन की." त्यांनी पदर सारखा केला. "त्ये फिरून येतो म्हनले हुते तितं. दोगांचं बोलले हुते. एकानं तरी जाया नगं का?"

मी तिकीट काढायला घेतलं, तेवढ्यात सुरेखाचा फोन आला. तिथे रात्र होती, ती आईसाठी जागी होती. मिळालं का, मधे किती वेळ आहे, असं तिने विचारलं. मी सांगितलं. तिने तास पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाली, "यापेक्षा सोयीचं काहीच नाही का, ताई?"

पडद्यावर ते दुसरं सुरेख तिकीट तसंच उघडं होतं. मी भिंतीकडे बघितलं. आबांची घोंगडी आक्कांच्या मांडीवर घडी करून ठेवली होती.

"नाही," मी म्हणाले. "आईसाठी यापेक्षा सोयीचं नाही."

तिला काय कळलं कोण जाणे. "काढा," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तिकिटाचा कागद आक्कांच्या हातात दिला. त्या भिंतीचा आधार घेत उठल्या, मग पुन्हा वाकल्या, आबा बसायचे तिथे फरशीला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली. "येती फिरून," म्हणाल्या आणि बाजाराच्या गर्दीतून चालू लागल्या.

तिकीट फक्त जाण्याचं होतं. मीच काढलं होतं.