पाचव्या वाटेची परवानगी

थॉर्नवेलभोवती पायी फिरायच्या सात वाटा आहेत आणि त्या सातही एकट्या डेस्मंड पिकर्सगिलनं जिवंत ठेवल्या, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बत्तीस वर्षं पोस्टमन होता. निवृत्त झाल्यावर टपालाची पिशवी गेली आणि तिच्या जागी झुडपं छाटायची कात्री आली. दर सोमवारी निघायचा. काटेरी वेली कापायच्या, कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या ठोकून घट्ट करायच्या, पिवळे बाण नव्यानं रंगवायचे. सात वाटांचं माहितीपत्रकही त्यानंच काढलं होतं. दुकानात ठेवलेलं असायचं, फुकट. शहरातले लोक ते हातात धरून यायचे आणि तरीही चुकून गाईंच्या कळपात शिरायचे.

माणूस भिडस्त, किती? कुंपणाच्या खांबाला धडकला तर आधी खांबाला ‘माफ करा’ म्हणेल इतका. आम्ही सगळेच थोडेफार तसे आहोत म्हणा, पण डेसनं हद्द केली होती.

यातली पाचवी वाट चर्चच्या मागून निघते, टॉलंडच्या कुरणातून ओढा ओलांडते आणि आजारी म्हाताऱ्यांच्या आश्रमाच्या मागच्या दाराशी जाऊन थांबते. मैलभराची वाट, डेसच्या पायांनी पंचवीस मिनिटं. त्या आश्रमात तीन वर्षांपासून त्याची बायको एनिड होती. झटक्यानं तिचं उजवं अंग गेलं, बोलणंही निम्मं गेलं, पण डोकं लख्ख. रोज अडीचला ती मागच्या खिडकीशी खुर्ची लावून घ्यायची. डेस कुरणात दिसला की डावा हात वर करायची, आणि तो आत आला की एकच शब्द म्हणायची, “उशीर.” झालेला नसला तरी.

मग म्हातारा रेज टॉलंड गेला. पोरीनं शेत विकलं. घेणारा व्हेल नावाचा शहरी माणूस, त्याला तिथं घोडे ठेवायचे होते. एका सकाळी डेस कात्री घेऊन गेला तर पाचव्या वाटेच्या तोंडाशी नवंकोरं गेट, कुलूप आणि पाटी: खाजगी, प्रवेश नाही, आणि खाली फोन नंबर.

रस्त्यानं जायचं तर खाणीवरून चार मैलांचा वळसा. बाजूला पाय ठेवायला जागा नाही आणि दगडाच्या गाड्या अंगाला घासून जातात. डोळ्यांमुळे डेसचं गाडी चालवणं बंद झालेलं. बस मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणजे रोजची भेट आठवड्यातून दोनदावर आली.

ग्रामसभेचं काम बघणारी थेल्मा रॅकस्ट्रॉ मात्र उसळली. “अरे, घाबरतोस कशाला? सरकारी नकाशात ही वाट कुणी कधी लिहिलीच नाही, हे खरं. पण वीस वर्षं लोक बिनदिक्कत, आपला हक्क समजून चालत असले, तर वाट लोकांची होते. कायदाच आहे तसा! आणि तू तर रोजची डायरी लिहितोस. तुझ्या साक्षीवर सगळं उभं राहील बघ.”

त्रेचाळीस लोकांनी अर्ज भरले. दोन वर्षांनी सुनावणी लागली, गावाच्या सभागृहात. बाहेरून एक अधिकारी बाई आल्या. बायकांनी चहा आणि मनुकांचे केक मांडले, व्हेलच्या वकिलालासुद्धा दिले. डेस टाय लावून आला होता. काखेत जाडजूड फाईल. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला होता.

डायऱ्या बघून बाई खूश झाल्या. तारखा, हवा, वाटेत कोण भेटलं, सगळं होतं. मग वकील उठला आणि त्यानं सगळ्यांना विचारलेला प्रश्न यालाही विचारला. “श्री. पिकर्सगिल, या वाटेनं जायला तुम्ही कधी मालकाची परवानगी मागितली होती का?”

बाकी बेचाळीस जण ‘छे’ म्हणून मोकळे झाले होते. डेस ताठ झाला. हा आपल्याला उपटसुंभ समजतो की काय, असं त्याला वाटलं.

“अर्थात! दर नाताळला. रेजला मी एक बाटली द्यायचो आणि कार्ड. ‘येत्या वर्षीही आम्हा गावकऱ्यांना तुमच्या कुरणातून जाऊ द्याल का?’ तो म्हणायचा, ‘जा की बाबा, तुला कोण अडवतंय!’ एकतीस वर्षं, एकदाही चुकलो नाही. प्रत्येक कार्डाची नक्कल इथं आहे, बघा ना.” आणि त्यानं ती फाईल आपल्या हातानं वकिलापुढे ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

वकिलानं फाईल चाळली आणि “मला आणखी काही विचारायचं नाही,” म्हणून खाली बसला. डेस हसतमुखानं इकडेतिकडे बघत होता. कुणीच त्याच्याकडे बघेना.

बाहेर आल्यावर थेल्माला राहवलं नाही. “अरे माणसा, परवानगी मागितली की हक्क राहतो कुठे? ती मेहेरबानी होते! आणि तू मागितलीस ती सगळ्या गावाच्या नावानं!”

“पण थेल्मा, दुसऱ्याच्या शेतातून न विचारता कसं जायचं?”

भीड भिकेची बहीण, दुसरं काय. ती घरी गेली आणि रडली, हे तिनंच मला सांगितलं.

निकाल विरुद्ध लागला. मंगळवारी डेसनं एनिडला सगळं सांगितलं, काही न लपवता. “विचारलंस?” ती म्हणाली. मग “गाढव,” म्हणाली. झटका आल्यापासून इतका स्पष्ट शब्द तिच्या तोंडून आला नव्हता. तिनं आपल्या चांगल्या हातानं त्याचा हात धरून ठेवला, बसची वेळ होईपर्यंत सोडला नाही.

गावकरी काय, गेटवर चढून सर्रास जायला लागले. व्हेल महिन्यातून एकदा यायचा, त्याला पत्ता नसायचा. सगळे डेसला म्हणाले, तूही जा. तो गेटपाशी जायचा, पाटी वाचायचा, परत यायचा. ज्यानं आधीच ‘नाही’ लिहून ठेवलंय त्याला पुन्हा काय विचारायचं, म्हणायचा. माझा तर संताप व्हायचा. त्याला धरून हलवावंसं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी दीडला आश्रमातून फोन आला. एनिडला पुन्हा झटका आलाय, लगेच या. थेल्मा गाडी घेऊन बाजाराला गेलेली. डेस धावत चर्चमागे गेला आणि त्या गेटपाशी उभा राहिला. गेट त्याच्या छातीएवढं. चढला असता. त्यानं खिशातून फोन काढला आणि पाटीवरचा नंबर लावला.

कुणी उचलला नाही, तेव्हा त्यानं निरोप ठेवला. “माफ करा, पिकर्सगिल बोलतोय. माझी बायको अत्यवस्थ आहे. आज एकदाच तुमच्या कुरणातून जाऊ का?” आणि उत्तराची वाट बघत पंचवीस मिनिटं तिथंच थांबला. समोर आश्रमाचं छप्पर दिसत होतं.

मग तो रस्त्यानं निघाला. पोचला तेव्हा चार वाजायला पंचवीस मिनिटं होती. एनिड तीन वाजून दहा मिनिटांनी गेली होती. नर्स म्हणाली, “सारखं खिडकीकडे बोट करत होत्या. खाट तिकडे फिरवली आम्ही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेलचा फोन आला. स्वर अगदी मोकळा. “तुमचा निरोप आत्ता ऐकला. अहो, एवढ्याशासाठी विचारायचं काय? सगळेच जातात, मला का माहीत नाही? खुशाल जायचं होतंत. आज जाणार असाल तर जा, माझी परवानगी आहे.”

“आभारी आहे,” डेस म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.